गॅमा किरणांतून निळा ऑक्साइड: डोस म्हणजे इलेक्ट्रॉनांचा हिशेब

अमोनियम मोलिब्डेटचे पाण्यातले द्रावण रंगहीन असते. त्यात थोडे आम्ल आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, आतली हवा काढा, बूच घट्ट बसवा आणि बाटली कोबाल्ट-६० च्या गॅमा चेंबरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी बाहेर येतो तो दौतीतल्या शाईसारखा गर्द निळा द्रव. ना भट्टी लागली, ना उच्च दाबाचा हायड्रोजन, ना सोडियम बोरोहायड्राइडसारखे उग्र रसायन. हा द्रव डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाशही शोषतो आणि उन्हात ठेवला की साध्या पाण्यापेक्षा भराभर तापतो. समुद्राचे पाणी उन्हावर वाफवून गोडे करणे किंवा अवरक्त लेझरने ट्यूमर तापवून मारणे, अशा कामांसाठी मोलिब्डेनमचे हे निळे, ऑक्सिजन थोडा कमी असलेले ऑक्साइड अभ्यासले जातात.

या विषयावर लिहिताना ‘किरणांच्या अद्भुत शक्ती’बद्दल बरेच बोलले जाते. प्रत्यक्षात गॅमा चेंबर इथे एकच काम करते, पाण्यात इलेक्ट्रॉन पुरवण्याचे. किती पुरवले, त्यातले किती वाटेत दुसऱ्याने खाल्ले आणि किती ऑक्साइडपर्यंत पोचले, हा जमाखर्च आधी कागदावर मांडला तर डोस काढता येतो. तो न मांडता ‘आधी ५० किलोग्रे (ग्रे हे डोसचे एकक) देऊन बघू, मग १०० देऊ’ असे चालले की एक बाटली निळी होते, दुसरी फिकी राहते आणि दोष चेंबरवर ढकलला जातो.

पांढरी भुकटी निळी झाली की तापते का?

शुद्ध मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड पांढरा असतो. त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे साधारण ४०० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश त्याला पकडता येत नाही. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम ५ टक्के. उरलेली ऊर्जा दृश्य आणि निकट-अवरक्त भागात साधारण निम्मी-निम्मी असते, आणि पांढऱ्या भुकटीला ती सगळी परकी.

आता जाळीतला एखादा ऑक्सिजन काढून घेतला, तर तो मागे दोन इलेक्ट्रॉन ठेवून जातो. ते शेजारच्या मोलिब्डेनमवर बसतात आणि सहा-संयुजी मोलिब्डेनम पाच-संयुजी होतो. अशी रिकामी ठिकाणे पुरेशी झाली की हे इलेक्ट्रॉन एका जागी न राहता कणभर फिरू लागतात, आणि प्रकाश पडला की एका लयीत पुढेमागे हलतात. सोन्याच्या नॅनोकणात घडते तेच इथे घडते. फक्त ऑक्साइडात इलेक्ट्रॉन कमी असल्यामुळे शोषणाचा डोंगर ५२० नॅनोमीटरवरून ७०० ते ११०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सरकतो. रिकाम्या जागा वाढवल्या की डोंगर अलीकडे येतो, घटवल्या की पलीकडे जातो. सोन्याच्या बाबतीत रंग बदलायला कणाचा आकार बदलावा लागतो, इथे इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की भागते.

शोषलेली ऊर्जा उष्णता कशी होते हे वेळेच्या मापात पाहण्यासारखे आहे. उत्तेजित इलेक्ट्रॉन आपसात ऊर्जा वाटून घेतात ती एका पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) आत. जाळीच्या अणूंना ती पोचते काही पिकोसेकंदांत, आणि कणाभोवतीच्या पाण्याला शेकडो पिकोसेकंदांत. पुन्हा प्रकाश म्हणून बाहेर पडायला या घाईत वावच नसतो. म्हणून शोषलेल्या प्रकाशाची जवळजवळ सगळी उष्णताच होते. पदार्थापदार्थांतला खरा फरक पडतो तो किती शोषले, किती विखुरले आणि तयार झालेली उष्णता कुठे पळाली यात.

हा रिकाम्या जागांचा मार्ग मोलिब्डेनमपुरता नाही. टंगस्टन ऑक्साइड त्याच वाटेने निळा होतो. टायटॅनियम डायऑक्साइडचे २०११ मध्ये गाजलेले काळे रूप मिळवायला २० बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर पाच दिवस काढावे लागले होते. मोलिब्डेनमचा ऑक्साइड इलेक्ट्रॉन सहज घेतो, म्हणून शिकायला तोच बरा.

पाण्यात किरण शिरला की

गॅमा किरण मोलिब्डेटवर नेम धरून आदळत नाहीत. द्रावणात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे ऊर्जाही पाण्यातच जिरते आणि पाणी फुटते. फुटल्यावर तीन चपळ गोष्टी निघतात: पाण्याच्या रेणूंनी वेढलेला मोकळा इलेक्ट्रॉन, हायड्रोजनचा अणू आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला चपळ तुकडा). सोबत थोडा हायड्रोजन वायू आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड. तो जलवेष्टित इलेक्ट्रॉन १९६२ मध्ये हार्ट आणि बोग यांनी त्याच्या ७२० नॅनोमीटरजवळच्या शोषणावरून प्रत्यक्ष दाखवला. त्याचे विभव उणे २.९ व्होल्ट आहे. इतका जबर क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, बाटलीत भरून विकत मिळत नाही.

अडचण अशी की हायड्रॉक्सिल रॅडिकल तितकाच जबर ऑक्सिडीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणारा, आहे आणि दोघे जवळपास सारख्या संख्येने जन्मतात. एकाने दिलेला इलेक्ट्रॉन दुसरा काढून घेतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल इथे कामाला येते. हायड्रॉक्सिल त्याच्यावर तुटून पडतो, त्याचा एक हायड्रोजन ओढतो, आणि मागे राहतो तो अल्कोहोलचा रॅडिकल स्वतःच चांगला क्षपणकारक असतो. म्हणजे खर्चाची बाजू जमेत आली. हायड्रोजनचा अणूही तेच करतो. इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावर अल्कोहोलचे ॲसिटोन होते. ॲसिटोनही इलेक्ट्रॉन पकडते, पण पकडून पुन्हा तोच अल्कोहोल-रॅडिकल बनवते, त्यामुळे त्याची धास्ती नको.

आकडे असे: एक ज्यूल ऊर्जेमागे ०.२७ मायक्रोमोल इलेक्ट्रॉन, ०.२८ हायड्रॉक्सिल, ०.०६ हायड्रोजन अणू आणि ०.०७ पेरॉक्साइड. पहिले तिन्ही क्षपणाला लावले की बेरीज ०.६. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. म्हणून एक किलोग्रे डोस एका लिटर द्रावणाला ०.६ मिलीमोल इलेक्ट्रॉन देतो. पुढचे सगळे गणित या एका ओळीवर उभे आहे.

एक बाटली, आकड्यांसह

१०० मिलीलिटरच्या घाणासाठी १.२४ ग्रॅम अमोनियम हेप्टामोलिब्डेट टेट्राहायड्रेट घ्या. एका रेणूत सात मोलिब्डेनम असतात, म्हणून द्रावणात मोलिब्डेनम होतो लिटरला ७० मिलीमोल. सुमारे ७५ मिलीलिटर पाण्यात विरघळवून १० मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. मग एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाकत पीएच २ च्या आसपास आणा आणि पाण्याने १०० पूर्ण करा. मोलिब्डेट स्वतः बरेच आम्ल पिते, त्यामुळे थेंब मोजून उपयोग नाही, पीएच मीटर बुडवूनच ठेवा. घाईत १ च्या खाली गेलात तर पांढरे मोलिब्डिक आम्ल खाली बसू लागते. नायट्रिक आम्ल मात्र अजिबात नको. नायट्रेट इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने गिळते की मोलिब्डेटच्या वाट्याला फार थोडे उरतात. तांब्याचे किंवा लोखंडाचे ऑक्साइड करतानाही नायट्रेट क्षार टाळून सल्फेट घ्यायचे ते याचसाठी.

दर मोलिब्डेनममागे ०.१५ ऑक्सिजन कमी करायचा, असे ठरवू. एका ऑक्सिजनमागे दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे मोलिब्डेनममागे ०.३. सत्तर मिलीमोलला गुणले की लिटरला २१ मिलीमोल इलेक्ट्रॉन हवेत. त्याला ०.६ ने भागले की ३५ किलोग्रे.

हा झाला कागदावरचा डोस. पेरॉक्साइडचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन परत घेतो, म्हणजे ज्यूलमागे ०.१४ वजा. उरले ०.४६, आणि डोस जातो ४५ किलोग्रेच्या घरात. चेंबर तासाला ३ किलोग्रे देत असेल तर १५ तास. अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला ४०० ग्रे देतात, लासलगावच्या कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून शंभर ग्रेच्या आत, आणि ट्रॉम्बेच्या आयसोमेड प्रकल्पात १९७४ पासून इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या वस्तू निर्जंतुक करायला रूढ असलेला डोस २५ किलोग्रे आहे. तेव्हा ४५ हा मोठा आकडा आहे, पण आवाक्याबाहेरचा नाही.

आणि नाही, बाटली किरणोत्सारी होत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पाण्यातल्या जड हायड्रोजनचे केंद्रक फोडायलाही २.२ लागतात.

हिशेब चुकतो तो बहुधा बुचाखाली

नायट्रोजनचे बुडबुडे अर्धा तास सोडले की विरघळलेला ऑक्सिजन जातो, हे सगळे करतात. खरे तर हवा मिसळलेल्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला ०.२५ मिलीमोलच असतो. २१ च्या हिशेबात तो किरकोळ आहे. मारते ती द्रावणाच्या वरची हवा. बुचाखाली ५० मिलीलिटर हवा राहिली तर तिच्यात साडेदहा मिलीलिटर, म्हणजे ०.४३ मिलीमोल ऑक्सिजन असतो. एका ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉनपर्यंत खाता येतात, म्हणजे १.७ मिलीमोल. आपल्या १०० मिलीलिटरला हवे होते एकूण २.१. पंधरा तासांत सगळा ऑक्सिजन खाली उतरेलच असे नाही, पण बराच उतरतो. बाटलीत वरचा थर फिका आणि तळ गर्द दिसला तर कारण हेच. म्हणून बुडबुड्यांची सुई बाहेर काढताना ती द्रावणाच्या वर थांबवून पाच-दहा मिनिटे मोकळी जागाही नायट्रोजनने धुवायची.

मग मोकळी जागा ठेवूच नये का? तसेही चालत नाही, कारण हायड्रोजन साचतो. आम्लात जलवेष्टित इलेक्ट्रॉन लगेच हायड्रोजनचा अणू होतो. तो अल्कोहोलचा हायड्रोजन ओढतो तेव्हा इलेक्ट्रॉनांचा हिशेब जमतो, पण जोडीला वायू सुटतो. ४५ किलोग्रेला १०० मिलीलिटरमागे तो ४० मिलीलिटरच्या पुढे जाऊ शकतो. वर ३० मिलीलिटर जागा असेल तर आतला दाब दोन वातावरणांच्या वर जातो. जाड काचेची, ॲल्युमिनियमची कडी दाबून बंद होणारी सीरम बाटली घ्या, वर ५० मिलीलिटर नायट्रोजन ठेवा. उघडताना आधी फ्यूम हूडमध्ये सुईने वायू सोडा, आसपास ठिणगी नको.

बुचाचा पदार्थही निवडून घ्यावा लागतो. रसायनशाळेत टेफ्लॉनला सगळे मानतात, पण गॅमात तो सर्वात आधी हार मानतो. काही किलोग्रेतच त्याची ताकद जाऊ लागते, आणि टेफ्लॉन चढवलेला चुंबकी स्टिरर आत विसरला तर त्याचा चुरा नमुन्यात येतो. पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होते, ब्युटिल रबर मऊ होऊन चिकटते. ईपीडीएम रबर त्यातल्या त्यात टिकते. काच तपकिरी पडते. ते नमुन्याचे लक्षण समजू नका, पाणी भरलेली बाटलीही तशीच पडते.

डोसचा दर चेंबरच्या पाटीवर लिहिलेला असतो तो बसवल्या दिवशीचा. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे, म्हणजे दर वर्षी सुमारे १२ टक्के घट. तीन वर्षांपूर्वीची पाटी वाचून वेळ लावली तर डोस एक तृतीयांशाने कमी पडतो. शिवाय चेंबरच्या मध्यात आणि कडेला दर सारखा नसतो. फ्रिके द्रावण, म्हणजे ०.४ मोलर सल्फ्युरिक आम्लात एक मिलीमोलर फेरस, त्याच बाटलीत, त्याच जागी ठेवून दर काढावा. ज्यूलमागे १.६१ मायक्रोमोल फेरिक होते आणि ते ३०४ नॅनोमीटरला मोजतात. फ्रिके ४०० ग्रेपर्यंतच सरळ चालते. आपल्या चेंबरमध्ये ती मर्यादा आठ मिनिटांत येते, म्हणून पाच मिनिटांत मोजून पुढे गुणाकार करायचा. सोबत शून्य मिनिटांचा नमुनाही घ्या, कारण नमुना चेंबरमध्ये आत-बाहेर नेतानाही त्याला डोस मिळतोच.

इलेक्ट्रॉन बीम वापरला तर

गॅमाऐवजी प्रवेगक यंत्रातून सुटणारा वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला तर पंधरा तासांचे काम काही सेकंद-मिनिटांत होते. नवी मुंबईत खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रात १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रवेगक आहे आणि वाशीला ब्रिटच्या (विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या) आवारात २ दशलक्षांचा. रसायन तेच राहते, पण तीन गोष्टी बदलतात.

पहिली खोली. २ दशलक्षांचा इलेक्ट्रॉन पाण्यात सुमारे एक सेंटिमीटर जाऊन थांबतो, आणि शेवटच्या टप्प्यात डोस झपाट्याने घसरतो. त्यात यंत्राच्या खिडकीची पत्री, मधली हवा आणि भांड्याचे झाकण आपापला वाटा घेतात. द्रावणाचा थर पाच-सहा मिलीमीटरचाच ठेवायचा, पसरट ट्रेमध्ये किंवा सीलबंद पिशवीत. उभी बाटली ठेवली तर एका बाजूचाच थर निळा होतो. १० दशलक्षांना तीन सेंटिमीटरपर्यंत चालते.

दुसरी उष्णता. पाणी एक अंश तापायला ४.२ किलोग्रे पुरतात. ४५ किलोग्रेने तापमान ११ अंशांनी चढेल, ते सोसते. पण कोणी ३०० एका दमात दिले तर तापमान ७० अंशांनी चढेल, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल उकळू लागेल. तेव्हा मोठा डोस फेऱ्याफेऱ्यांनी द्यायचा.

तिसरी कणांचा आकार. इलेक्ट्रॉन एकदम आले की एकाच वेळी खूप बीजे पडतात आणि कण लहान राहतात. गॅमात सावकाश आले की थोडी बीजे वाढत जातात. म्हणून दोन यंत्रांचे नमुने एकाच डोसला एकसारखे येतील ही अपेक्षा चुकीची.

कोरडी भुकटी थेट बीमखाली ठेवून ‘ऑक्सिजन उडवला’ असे दावेही वाचायला मिळतात. त्यांच्याकडे जरा संशयाने पाहावे. इलेक्ट्रॉन अणूला थेट धक्का देऊन जागेवरून हलवतो, हे खरे, पण फार क्वचित. दर चौरस सेंटिमीटरला १० चा १७ वा घात इतके इलेक्ट्रॉन ओतले, म्हणजे डोस कोट्यवधी ग्रेंमध्ये गेला, तरी दशलक्ष अणूंमागे मोजकेच हलतात. रंग बदलायला शेकड्यांत काही लागतात. कोरडी भुकटी निळसर झाली असेल तर बहुधा पृष्ठभागावर चिकटलेले पाणी, अल्कोहोल किंवा बीमची उष्णता यांनी ते काम केले. तीच भुकटी पाणी-अल्कोहोलमध्ये हलवून, निलंबित ठेवून किरणे दिली तर शेकडोपट कमी डोसात रंग येतो.

रंग आला, पुढे?

निळा द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि काहीच खाली बसले नाही, तर घाबरायचे कारण नाही. आम्लातल्या मोलिब्डेनम निळ्याचा मोठा भाग विरघळलेल्या अवाढव्य रेणूंचा असतो. १५४ मोलिब्डेनम अणूंचे, सुमारे चार नॅनोमीटर व्यासाचे चाक आखिम म्युलर यांच्या गटाने १९९५ मध्ये उलगडले ते याच निळ्यातून. तो खाली आणायला मीठ घालतात किंवा बऱ्याच प्रमाणात ॲसिटोन. मग इथेनॉलने दोनदा धुऊन निर्वातात ४० ते ६० अंशांवर सुकवायचे. पाण्याने धुतले तर माल वाहून जातो. उघड्या ओव्हनमध्ये जास्त तापवले तर पुन्हा फिका पडतो, कारण हवेतला ऑक्सिजन रिकामी जागा भरतो. साठवण नायट्रोजनमध्ये, अंधारात.

आता जमाखर्च ताळ्यावर आला का ते तपासायचे. सोपी आणि स्वस्त पद्धत म्हणजे सेरिक सल्फेटचे टायट्रेशन. किरणे दिलेल्या द्रावणाचे १० मिलीलिटर घ्या, सल्फ्युरिक आम्ल घाला, फेरॉइन सूचक टाका आणि नायट्रोजनखाली ०.१ मोलर सेरिक सोडा. २१ मिलीमोलचा हिशेब जमला असेल तर २.१ मिलीलिटर लागतील. तापवू नका, सेरिक मग अल्कोहोललाच खाऊ लागते. १.२ मिलीलिटरच लागले तर ऑक्सिजन शिरला होता. २.५ लागले तर डोस जास्त झाला किंवा पेरॉक्साइडची वजावट तुम्ही फाजील धरली.

एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन पद्धतीत पाच-संयुजी मोलिब्डेनमची खूण २३१.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास दिसते, सहा-संयुजीची २३२.७ जवळ. ती विश्वासार्ह आहे. पण ऑक्सिजनच्या आलेखात ५३१-५३२ जवळचा खांदा दाखवून ‘ही पाहा रिकामी जागा’ म्हणणे पोकळ आहे. तिथे हायड्रॉक्सिल आणि चिकटलेले पाणीही येते, आणि पाण्यातच बनवलेल्या नमुन्यात त्या दोघांना तोटा नसतो. शिवाय आम्लात बनलेल्या निळ्यात इलेक्ट्रॉनाबरोबर प्रोटॉनही जाळीत शिरलेला असतो, म्हणजे ऑक्सिजन गेलेलाच नसेल. प्रकाश शोषायला दोन्ही सारखेच, पण नाव देताना जपून.

प्रकाश-उष्णता कार्यक्षमता काढायला २००७ मध्ये रोपर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली रीत चालते. क्युव्हेटमधला (छोट्या चौकोनी पारदर्शक पात्रातला) कण मिसळलेला द्रव ८०८ नॅनोमीटरच्या लेझरने स्थिर तापमानापर्यंत तापवायचे, लेझर बंद करून थंड होण्याचा वेग नोंदवायचा. नमुन्याचे गणित: एक मिलीलिटर पाण्याची उष्माधारकता ४.२ ज्यूल प्रति अंश, थंड होण्याचा कालांक २५० सेकंद, म्हणजे गळती अंशाला ०.०१७ वॉट. तापमान २५ अंशांनी चढले असेल तर ०.४२ वॉट. नुसत्या पाण्याने आणि काचेने घेतलेले ०.०२ वजा. लेझर एक वॉटचा आणि शोषणांक १ असेल (म्हणजे दहातला एकच भाग प्रकाश पार जात असेल) तर शोषले गेले ०.९ वॉट. भागाकार ४४ टक्के. यात गफलत होते ती तापमापीचे टोक लेझरच्या वाटेत आल्याने, आणि गढूळ नमुन्यात विखुरलेला प्रकाशही ‘शोषला’ म्हणून धरल्याने. क्युव्हेटला झाकण नसेल तर बाष्पीभवन वेगळाच घोळ घालते.

उन्हात पाणी वाफवताना

एक सूर्य म्हणजे चौरस मीटरला १ किलोवॉट, तासाला ३.६ मेगाज्यूल. २५ अंशांवर पाण्याचा अप्रकट उष्मा किलोला २.४४ मेगाज्यूल. भागाकार १.४७ किलो. सगळे ऊन वाफेतच गेले तरी तासाला चौरस मीटरमागे एवढीच वाफ. त्यापेक्षा मोठा आकडा दिसला तर आधी विचारा: नमुन्याच्या कडेने बाहेरचे ऊन आत येते का, पंखा चालू होता का, अंधारातले बाष्पीभवन वजा केले का, हवेची आर्द्रता किती होती? ऑगस्टातल्या कोकणात आणि मेमधल्या चंद्रपुरात तेच कापड सारखे आकडे देणार नाही. शोषणारा पृष्ठभाग हवेपेक्षा थंड राहून हवेतूनच उष्णता घेत असेल तर मोठा आकडा खराही असू शकतो, पण मग त्याचे श्रेय ऑक्साइडला नाही.

साधी मांडणी अशी: चौरस मीटरला काही ग्रॅम भुकटी बसवलेले सुती कापड, खाली थर्माकोल, त्यातून पाण्यात सोडलेली वात. उष्णता खालच्या पाण्यात पळू नये हे थर्माकोलचे काम. दहा चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर तासाला सव्वा ग्रॅमच्या आसपास घट दिसेल, तेव्हा तराजू मिलिग्रॅमचा हवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ. चौरस मीटरवर तासाला १.३ किलो वाफ झाली की ४५ ग्रॅम मीठ मागे उरते. वात जाड ठेवली तर ते रात्रीत खाली विरघळून परत जाते, बारीक ठेवली तर दुपारीच पांढरा थर चढून प्रकाश अडतो.

मोलिब्डेनम निळ्याची खरी कमजोरी इथे उघडी पडते. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी, पीएच ८ च्या आसपास. त्यात हा ऑक्साइड हळूहळू ऑक्सिडीकृत होऊन मोलिब्डेट म्हणून विरघळतो. शरीरात टोचायच्या कणांसाठी हाच गुण सोयीचा, काम झाले की विरघळून लघवीवाटे जातात. पाण्याच्या यंत्रात मात्र कापड फिके पडत जाते. गोळा केलेल्या वाफेच्या पाण्यात मोलिब्डेनम येत नाही, पण मागे उरलेल्या खाऱ्या पाण्यात येतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ०.०७ मिलिग्रॅम इतकीच आहे. शिंतोडे उडून भेसळ होऊ नये म्हणून मोजत राहावे.

उपाय म्हणून ऑक्साइड पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या (पीव्हीए) जेलमध्ये कोंडतात. पीव्हीएच्या पाण्यातल्या द्रावणाला किरणे दिली की साखळ्या एकमेकींना जुळून जेल बनते. भाभा अणुसंशोधन केंद्राने जखमेवर लावायची हायड्रोजेल पट्टी याच तत्त्वावर केली. मग मोलिब्डेट आणि पीव्हीए एकत्र घालून एकाच डोसात निळे जेल का करू नये? करता येते, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल तसेच ठेवले तर जेल धरत नाही. साखळ्या जुळवायला हायड्रॉक्सिल रॅडिकल लागतात आणि अल्कोहोल ते सगळे आधीच पकडून घेते. ते वगळा. पीव्हीए स्वतःच अल्कोहोल आहे, त्याच्या साखळीवर बनलेले रॅडिकल काही मोलिब्डेटला इलेक्ट्रॉन देतात, काही आपसात जुळतात. साहजिकच दोन्ही कामांत वाटणी होते. म्हणून मोलिब्डेट ७० ऐवजी १०-१५ मिलीमोलवर आणावे लागते, नाहीतर रंग गर्द येतो आणि जेल पातळ राहते. असे जेल बाटलीतून काढल्यावर कडेला फिके दिसते, ते तिथे हवा लागल्यामुळे. कापायचेच असेल तर नायट्रोजनच्या पिशवीत कापून लगेच पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळावे, आणि यंत्रावर चढवायच्या दिवशीच उघडावे.